सूप आत, हात बाहेर

आमच्या गावात पाटी नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडची ती जुनी छायाचित्रे तुम्ही कधीतरी पाहिली असतील. शेजारी शेजारी दोन नळ, एकावर लिहिलेले 'गोऱ्यांसाठी', दुसऱ्यावर 'काळ्यांसाठी'. आगगाडीचे डबे वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या. तिथला भेद रंगाने लिहून भिंतीवर टांगलेला होता. गोव्यातल्या पेडणे महालातल्या माझ्या गावात असे काही लिहायची कोणाला गरजच पडली नाही. कुठल्या विहिरीकडे फिरकायचे नाही, देवळाच्या कितव्या पायरीला थांबायचे, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, खळ्यात कुठे उभे राहायचे, हे चार वर्षांच्या पोराला ठाऊक असे. मला ते कोणी शिकवल्याचे आठवत नाही. ते मला येत होते, एवढेच आठवते.

मी महाराच्या घरातली. घर गावाच्या टोकाला, वाड्यात. बाबा आणि आई दोघेही बांबूकाम करत. मी शिकले, प्राथमिक शिक्षिका झाले, नोकरीची बहुतेक वर्षे डिचोली तालुक्यात काढली आणि आता निवृत्त होऊन परत पेडण्यात आले आहे. माझ्या जन्माची नोंद नाही. आई सांगायची, "पत्रादेवी गोळी घातली त्या वर्सा तुजो जल्म." म्हणजे 1955. त्या साली 15 ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवी हा आमच्याच तालुक्याचा सीमेवरचा नाका. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे.

शिक्षिका झाल्यावर हे साल मला पुन्हा पुन्हा भेटत राहिले. 1 जून 1955 रोजी भारतात अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा अमलात आला. 1 डिसेंबरला अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, आणि मग तिथल्या काळ्या लोकांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला. मधल्या ऑगस्टात पत्रादेवी. भारतातला कायदा आणि अमेरिकेतला बहिष्कार यांच्या मधोमध आम्ही होतो, आणि दोन्हींपैकी काहीच आमच्यापर्यंत पोचत नव्हते. आमच्यावर राज्य लिस्बनचे होते.

माझे आजोळ तेरेखोल नदीपलीकडे, आरोंद्याला. अलीकडे किरणपाणी, पलीकडे आरोंदा, मध्ये तेव्हा होडी. त्या वर्षी आरोंद्याच्या विहिरीवर माझ्या मामाला अडवणारा माणूस कायद्याने गुन्हेगार होता, आणि किरणपाण्याच्या बाजूला माझ्या बाबांना अडवणारा माणूस रीतीने वागणारा गृहस्थ होता. अर्थात मामा नंतर हसून सांगायचा, "कायदो अजून आमच्या वाड्यार पावाक नाय." तरी तिकडे निदान नाव घेऊन तक्रार करता येईल असे काहीतरी होते. इकडे तेही नव्हते.

बांबूकामाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आमचे वेगळे असणे नेमके कसे चालत होते ते त्यातच दिसते. गोव्यातला महार म्हणजे बऱ्याच गावांत बांबूकाम करणारा. सुपे, रोवळ्या, हारे, परड्या, भात साठवायच्या कणग्या, कोंबड्या झाकायच्या डाली, हे सगळे आमच्या वाड्यातून गावभर जाई. बाबा बांबू तोडून आणत. तो बहुधा भाटकाराच्या बागेतला, म्हणजे चार सुपे त्याचीच झाली. कोयत्याने तो उभा चिरायचा, पेरे तासायची, आणि मग आतला गर काढून वरच्या हिरव्या सालीच्या पातळ पाती ओढायच्या. हे शेवटचे काम आईचे. तिच्या बोटांना कायम चिरा असत. सूप विणायला हात बसावा लागतो. कडेला जाड काठी घालून ते आवळून बांधताना एक पात ढिली राहिली, तर पाखडताना तांदूळ तिथूनच सांडतो. गावातल्या बायका सूप उजेडाकडे धरून बघत आणि नाक मुरडत. पण घेत आमच्याकडूनच, कारण दुसरे कोणी करत नसे.

वर्षाचा सगळा हंगाम चवथीचा. गौरीच्या दिवशी आमच्या भागात ओवसे भरतात. नव्या सुपात फळे, पाने, सुपारी मांडायची आणि ते गौरीपुढे ठेवायचे. जुने सूप चालत नाही. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेचे पहिले ओवसे म्हणजे तर घरातला मोठा सोहळा. त्यासाठी श्रावणापासून आमच्या घरात रात्री दिव्याच्या उजेडात विणकाम चाले. सुपे तयार झाली की आई ती डोक्यावर घेऊन घरोघर जायची आणि मी मागून.

भाटकाराच्या घरी आम्ही खळ्याच्या कडेला थांबायचो. आतून आवाज यायचा, "सूप थंय दवर." आई सुपे जमिनीवर ठेवून चार पावले मागे सरायची. मग घरातली बाई बाहेर येऊन त्यांवर तांब्यातले पाणी शिंपडायची आणि ती उचलून आत न्यायची. बदल्यात भात आणि नारळ, तेही जमिनीवर ठेवलेले. ती बाई वाईट नव्हती. मला कधी मोदक, कधी नातवाचा जुना झगा द्यायची, वरून टाकून. आईच्या हातची चीज थेट देवीपुढे जायची आणि आई खळ्यात. पाणी शिंपडल्याने सूप शुद्ध होत असेल, तर तेच पाणी आमच्यावर शिंपडून आम्हालाही आत का घेत नाहीत, असे मी एकदा आईला विचारले होते. तिने उत्तर दिले नाही. घरी आल्यावर बाबांना सांगितले, आणि बाबा खूप हसले.

याहून विचित्र गोष्ट देवळाच्या आवारातली. गोव्यात आणि सिंधुदुर्गात अनेक देवळांच्या परिवारात म्हारिंगण म्हणून एक स्थान असते. गावाची राखण करणाऱ्या महार पुरुषाचा तो दगड. त्याला नारळ ठेवतात, गाऱ्हाणे घालतात, रात्री-अपरात्री त्याच्या नावाने धीर धरतात. म्हणजे मेलेला महार गावाचा राखणदार, आणि जिवंत महाराने देवळाच्या बाहेरून हात जोडायचे. लोकसंस्कृतीवर लिहिणारे या स्थानांचे कौतुक करतात, सर्वसमावेशक परंपरा वगैरे म्हणतात. मला ते वाचताना राग येतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाकीचे थोडक्यात. बाजारातल्या चहाच्या दुकानात आम्हाला चहा करटीत मिळे, ती करटी आमची आम्ही धुऊन छपरात खोचून ठेवायची. न्हावी वाड्यात येत नसे. मसण वेगळे. बारदेशात आमच्यातले काही जण पूर्वीच ख्रिस्ती झाले होते, त्यांना चर्चमध्ये शिरता आले खरे, पण जात त्यांच्याबरोबर आतपर्यंत गेली. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा नियम पुढे गोव्यालाही लागू झाल्यावर ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलतीही नाहीत.

पोर्तुगिजांचे म्हणणे मात्र असे की त्यांच्या राज्यात भेदभाव नाहीच. 1951 मध्ये त्यांनी वसाहतींचे नाव बदलून 'सागरपार प्रांत' केले. त्याच वर्षी ब्राझीलचे नामवंत समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरी पोर्तुगीज सरकारचे पाहुणे म्हणून गोव्यात आले. पणजीत इन्स्टिट्यूट वास्को द गामामध्ये त्यांनी व्याख्यान दिले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशातल्या लोकांत रंगाचा विचार न करता मिसळतो, अशा अर्थाचा त्यांचा सिद्धांत पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला फार उपयोगी पडला. इंग्रजांसारखे आम्ही वर्णद्वेष्टे नाही, असे जगाला सांगता येऊ लागले. ते विद्वान नदी ओलांडून आमच्या वाड्यापर्यंत आले असते, तर त्यांना एकही गोरा माणूस न भेटता सगळे वेगळेपण पाहता आले असते.

रंगाचा भेद गोव्यात नव्हता असेही नाही. गोऱ्या पाद्र्यांपुढे स्थानिक पाद्र्यांना बढती मिळत नाही, या कारणाने 1787 मध्ये पिंटोंचा उठाव शिजला. 1930 मध्ये सालाझारने वसाहत कायदा आणून वसाहतीतल्या माणसांना खालचे ठरवले, तेव्हा लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्यात त्याविरुद्ध ठराव मांडला. मला या माणसाबद्दल आदर आहे. पण गोव्याच्या इतिहासाची पुस्तके चाळताना एक जाणवते. वरच्यांना गोऱ्याकडून झालेल्या अपमानाला तारीख आहे, ठराव आहे, नाव आहे. आमच्या अपमानाला वार आणि तारीख नाही, कारण तो रोजचाच होता.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले महाल, अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पोर्तुगिजांकडे आलेले. जुन्या काबिजादींत, म्हणजे त्यांनी आधीच जिंकलेल्या भागात, देवळे पाडली होती, इथे मात्र देवळांना आणि रूढींना हात न लावण्याचे धोरण ठरले. हिंदूंच्या दृष्टीने ती मोठी सुटका होती. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की देऊळही राहिले आणि देवळाबाहेरची आमची जागाही राहिली. पुढे 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नोकऱ्या आणि शाळा खुल्या झाल्या, मराठी शाळा निघू लागल्या. पण त्या भरायच्या कुठे? देवळाच्या मंडपात, नाहीतर एखाद्या श्रीमंताच्या ओसरीवर. दोन्ही ठिकाणी आमचे पाऊल चालत नव्हते. माझे बाबा निरक्षर राहिले ते बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, शाळा देवळात होती म्हणून. आणि ज्या मराठीवर मी पोट भरले, जी मला जिवापाड आवडते, तिच्या गोव्यातल्या अभिमानाच्या इतिहासात ही एक ओळ कोणी सहसा लिहीत नाही.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. भारताची राज्यघटना आली, तिच्यासोबत अस्पृश्यता नष्ट करणारे 17 वे कलम आले. 1963 च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. आमच्या गावची शाळा सुरुवातीला एका घराच्या सोप्यावर भरायची. मी आणि वाड्यातली दुसरी दोन मुले पायरीवर बसायचो. मग सावंतवाडीकडचे एक मास्तर आले. त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत बसवले, त्यात मी मधे गेले. घरमालकाने दुसऱ्या दिवशी सोपा बंद केला. महिनाभर शाळा आंब्याखाली भरली आणि मग पंचायतीने जागा दिली. हे मास्तर आमच्या घरचे पाणी कधी प्याले नाहीत. ते समाजसुधारक नव्हते, त्यांना वर्गात वाकडीतिकडी ओळ खपत नसे. पण माझ्यापुरता इतिहास त्यांच्या त्या शिस्तीने घडवला.

अनुसूचित जातींची गोव्याची यादी निघाली 1968 मध्ये. महार, मांग, चांभार, भंगी आणि म्हायावंशी, अशा पाच जाती. म्हणजे मुक्तीनंतर सहा वर्षांहून जास्त काळ सरकारदप्तरी आम्ही कोणीच नव्हतो. बाबा दाखल्यासाठी पेडण्याला चालत गेले. आयुष्यभर जे नाव ऐकून मान खाली घातली, तेच नाव शिक्का मारून घेण्यासाठी ते रांगेत उभे राहिले. शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पुढे शिकले.

डिचोली तालुक्यात नोकरी लागली तेव्हा मला वाटले, परक्या गावात आपल्याला कोण ओळखणार! खोली बघायला गेले की घरमालकीण प्रेमाने बसवायची, पाणी द्यायची आणि मग विचारायची, "बाई, तुमचा गाव कुठला? आडनाव? कुळदेव कुठला?" गोव्यात कुळदेव विचारला की जातीपर्यंत पोचायला दुसरा प्रश्न लागत नाही. खोली आदल्या दिवशीच दुसऱ्या कोणाला कबूल केल्याचे मग त्यांना आठवायचे. शेवटी खाणीवर काम करणाऱ्या एका कुटुंबाने माडीवरची खोली दिली. खाणींनी डिचोलीचे डोंगर खाल्ले, शेते लाल चिखलाने भरली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. तरीही एक सांगते. खाणीवर मजुरी आठवड्याला रोख मिळे, भाटकाराच्या मर्जीवर नव्हे. डोक्यावर घमेले घेऊन ओळीत उभ्या असलेल्या बायकांत पुढची कोण आणि मागची कोण, हे तिथे फारसे विचारले जात नसे. आमच्यातल्या पुष्कळ जणांनी बांबू सोडून खाण धरली, ती पैशाइतकीच या मोकळेपणासाठीही.

जात आणि वंश एक नव्हे, हे मी मान्य करते. 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तिथे दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला आणि भारत सरकारने तो त्या परिषदेचा विषयच नाही अशी भूमिका घेतली. पण दोन्ही प्रश्नांतले नाते आमच्या लोकांनी फार आधी ओळखले होते. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. द्यु बॉइस यांचे उत्तरही आले. वंशशास्त्राची चर्चा त्या दोघांना करावी लागली नाही.

फरक मला दिसतो तो दुसरीकडे. अमेरिकेत भेद कायद्यात लिहिलेला होता, म्हणून तो कायद्याने खोडता आला. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, 1964 मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यानंतर तिथे सगळे सुरळीत झाले असे कोणी म्हणणार नाही, पण खोडायला काहीतरी होते. आमच्या खळ्यातली रीत कोणी लिहिलेलीच नव्हती, तर न्यायाधीश खोडणार काय? ती लिहून काढायचे काम शेवटी आमच्यातल्याच एकाने केले. दादू मांद्रेकर गोव्यातल्या दलित वाड्यांतून फिरले, तिथल्या विहिरी, वाटा, घरे, देवळाबाहेरच्या जागा पाहिल्या आणि 'बहिष्कृत गोमंतक' हे पुस्तक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे. गोवा म्हणजे समुद्र, काजू आणि सलोखा असे मानणाऱ्यांनी ते वाचावे. आमच्या वाड्यात ते हातोहात फिरले, आणि म्हाताऱ्या माणसांनी ते वाचून घेतल्यावर एवढेच म्हटले की यात नवीन काय आहे.

आता स्थिती कशी आहे, हे लोक मला विचारतात. विहीर आता प्रश्न नाही, घरोघर नळ आले. चहा सगळ्यांना काचेच्या ग्लासात, आता कागदी पेल्यात. वाड्यातली पोरे मोपाच्या विमानतळावर कामाला जातात. जातीबाहेर लग्न मात्र अजून अवघड, आणि दोन गोष्टींचे निकाल कचेरीत लागतात. एक म्हणजे घराखालची जमीन. आमची बहुतेक घरे भाटकाराच्या जागेत, आम्ही त्याचे मुंडकार. 1975 चा मुंडकार कायदा आला तेव्हा बाबांनी अर्ज केला. भाटकाराच्या मुलाने आम्ही मुंडकार नव्हेच, केवळ दयेवर राहतो असे सांगितले. बाबा गेले, खटला भावाच्या नावावर चढला, आणि घर आमचे झाले ते भाचीने कागद हाती घेतल्यावर. ती वकील आहे.

दुसरी गोष्ट देऊळ, आणि इथे मला माझेच म्हणणे थोडे सुधारावे लागते. गोव्यात एक गोष्ट लिहिलेली होती. पोर्तुगिजांनी 1886 मध्ये आणि मग 1933 मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले. देवळाचे महाजन कोण, याची त्यात नोंद असते, आणि महाजनपण वंशाने, बापाकडून मुलाकडे जाते. पोर्तुगीज गेले, ते नियम राहिले. तालुक्याचा मामलेदार हाच देवस्थानांचा प्रशासक, आणि मुंडकारांचे अर्जही त्याच्याकडेच. आज आम्हाला देवळात जायला कायद्याने कोणी अडवू शकत नाही. पण त्या देवळाच्या कारभारात मत द्यायचे तर नाव महाजनांच्या वहीत हवे, आणि वहीत नाव यायचे तर आजा-पणजाचे नाव तिच्यात असायला हवे. आमचे आजे-पणजे बाहेर उभे होते.

भाचीने मागच्या वर्षी मला विचारले की यावर दावा लावता येईल का, म्हारिंगणाचा दगड ज्या आवारात आहे त्या आवारावर आमचा काही हक्क सांगता येईल का. मी म्हटले, दाव्यापेक्षा नियम बदलायला हवेत आणि ते काम विधानसभेचे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली अनुसूचित जातींची संख्या 25,449 भरली, लोकसंख्येच्या 1.74 टक्के. गोव्याच्या 40 आमदारांच्या सभागृहात आमच्यासाठी राखीव जागा एक आहे, ती पेडण्याची. तिथे निवडून येणाऱ्याला मते मागायला महाजनांच्याही दारात जावे लागते. भाचीने अर्जाचा मसुदा तरीही लिहायला घेतला आहे, आणि मराठी तपासायला तो माझ्याकडे दिला आहे.